गॅस्ट्रिक बायपासच्या पद्धतींची तुलना कशी करावी: इंदूर परिसरातील मराठी रुग्णांसाठी

इंदूरमध्ये लठ्ठपणावरील शस्त्रक्रिया आता मोठ्या प्रमाणावर होतात आणि देवास, उज्जैन, धार, खंडवा, बऱ्हाणपूर येथील मराठी कुटुंबेही त्यासाठी शहरात येतात. त्यांतली एक म्हणजे गॅस्ट्रिक बायपास: जठराची छोटी पिशवी करून ती थेट आणखी खालच्या आतड्याला जोडतात. दोन-तीन ठिकाणी दाखवून झाले की हाती खर्चाचे दोन-तीन अंदाज येतात. एकावर ‘रू-एन-वाय बायपास’ लिहिलेले असते, दुसऱ्यावर ‘मिनी बायपास’, तर तिसऱ्यावर नुसतेच ‘बायपास’. मग घरातली चर्चा बहुधा रकमेवर येऊन थांबते. माझे स्पष्ट मत असे आहे की शस्त्रक्रियेचे नाव आणि खर्च यांवरून तुलना होऊच शकत नाही. जठराची पिशवी केवढी व कशी ठेवणार, जोड किती आणि कशाने करणार, आतड्याची किती लांबी वगळणार आणि आत तयार होणाऱ्या फटी शिवणार की नाही, या चार गोष्टींची उत्तरे मिळाली म्हणजे तुलना सुरू होते; आणि ती उत्तरे रुग्णाच्या स्वतःच्या तक्रारींशी ताडून पाहिली म्हणजे ती पूर्ण होते.

आधी पात्रता

बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा, काढण्यासाठी किलोतील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागावे. १.६० मीटर उंची आणि ११० किलो वजन असेल, तर बीएमआय सुमारे ४३ येतो. २०२२ मध्ये अमेरिकी आणि आंतरराष्ट्रीय संघटनांनी मिळून दिलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार ३५ किंवा त्याहून अधिक बीएमआय असल्यास इतर आजार नसला तरी शस्त्रक्रिया सुचवता येते, आणि ३० ते ३५ च्या दरम्यान चयापचयाचा आजार असल्यास तिचा विचार करता येतो. आशियाई लोकांमध्ये कमी वजनालाच मधुमेह जडतो, म्हणून त्यांच्यासाठी ही मर्यादा आणखी खाली, २७.५ पर्यंत, आणलेली आहे. मेडिक्लेमचे निकष मात्र वेगळे आणि कडक असतात. भारतातील आरोग्य विम्याच्या प्रमाणित अटींमध्ये वय किमान १८ वर्षे आणि बीएमआय ४० किंवा अधिक, अथवा ३५ किंवा अधिक असून सोबत हृदयविकार, तीव्र स्लीप ॲप्निया (झोपेत श्वास अडकणे) किंवा आटोक्यात नसलेला टाइप २ मधुमेह यांसारखा गंभीर आजार असणे अपेक्षित आहे. त्यामुळे डॉक्टरांच्या दृष्टीने पात्र ठरलेला रुग्ण विम्याच्या दृष्टीने अपात्र ठरू शकतो. पॉलिसीतील प्रतीक्षा कालावधीसह हे सारे भरती होण्यापूर्वीच लेखी विचारून घ्यावे.

दोन रचना समजून घ्याव्यात

बायपासची सुरुवात अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात १९६६ च्या सुमारास एडवर्ड मेसन आणि चिकाशी इतो यांनी केली. त्यांच्या मूळ रचनेत आतड्याची एक सलग फास, म्हणजे न कापलेले वेटोळे, वर आणून जठराच्या वरच्या भागाला जोडलेली होती. ती फास आडव्या, छोट्या पिशवीला आणि अन्ननलिकेच्या जवळ जोडल्यामुळे पित्त वर चढण्याचा त्रास होई. पुढे १९७७ मध्ये वॉर्ड ग्रिफेन यांनी स्विस शल्यचिकित्सक सेझार रू यांच्या नावाने ओळखली जाणारी इंग्रजी ‘वाय’ अक्षरासारखी जोडणी बायपाससाठी वापरली, आणि १९९४ मध्ये ॲलन विटग्रोव्ह यांनी ती दुर्बिणीतून केल्याचे प्रसिद्ध झाले.

रू-एन-वाय बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाशी साधारण १५ ते ३० मिलिलिटरची पिशवी ठेवतात आणि उरलेले जठर न काढता आतच बंद करून ठेवतात. लहान आतडे थोड्या अंतरावर कापून त्याचे खालचे टोक वर आणतात व पिशवीला जोडतात. पित्त आणि स्वादुपिंडाचा रस वाहून आणणारे दुसरे टोक आणखी खाली, बहुधा १०० ते १५० सेंटिमीटरवर, पुन्हा आतड्याला जोडतात. असे दोन जोड होतात. अन्न एका वाटेने येते, पित्त दुसऱ्या वाटेने येते, आणि दोन्ही खाली एकत्र होतात. पित्त पिशवीपासून दूर राहते, आणि या रचनेचा सर्वांत मोठा गुण मला हाच वाटतो.

वन ॲनास्टोमोसिस बायपास, म्हणजे आपल्याकडे ज्याला सर्रास मिनी बायपास म्हणतात, तो रॉबर्ट रटलेज यांनी १९९७ मध्ये सुरू केला. त्यात जठराच्या आतल्या, छोट्या वळणाला धरून लांब नळीसारखी पिशवी करतात, आतडे कुठेही कापत नाहीत, आणि सुमारे १५० ते २०० सेंटिमीटर मोजून तिथली फास थेट पिशवीच्या खालच्या टोकाला जोडतात. जोड एकच, शस्त्रक्रियेचा वेळ कमी, आणि पुढेमागे रचना बदलण्याची किंवा पूर्ववत करण्याची वेळ आली तर काम तुलनेने सोपे. मात्र पित्त याच जोडाशेजारून वाहते. पिशवी पुरेशी लांब असेल तर ते अन्ननलिकेपर्यंत सहसा पोहोचत नाही. पिशवी आखूड झाली तर मेसन यांच्या काळातील तक्रार परत येते. म्हणून मिनी बायपास सुचवला असेल, तर ‘पिशवी कुठपर्यंत लांब करणार?’ हा पहिला प्रश्न असावा.

जोड कशाने करतात

पिशवी आणि आतडे यांचा जोड तीन प्रकारे करता येतो: धातूच्या बारीक पिना मारणाऱ्या गोल स्टेपलरने, सरळ स्टेपलरने किंवा संपूर्ण हाताने टाके घालून. गोल स्टेपलरच्या जोडाचा आकार ठरलेला असतो. २१ मिलिमीटरच्या स्टेपलरने केलेला जोड २५ मिलिमीटरच्या जोडापेक्षा अधिक वेळा आकसतो. असे झाले की काही आठवड्यांनी रुग्णाला आधी घट्ट, मग पातळ अन्नही उतरेनासे होते आणि दुर्बिणीतून फुगा घालून जोड रुंद करावा लागतो. गोल स्टेपलर पोटाच्या छिद्रातून आत-बाहेर नेताना त्या जखमेत जंतुसंसर्गाचे प्रमाणही अधिक आढळले आहे. सरळ स्टेपलर लवकर काम करतो, आणि त्याने पाडलेले तोंड शेवटी टाक्यांनी बंद करावे लागते. हाताचा जोड स्वस्त पडतो, परंतु त्याला वेळ आणि सराव दोन्ही लागतात. या तिन्हींतून निवड करणे रुग्णाचे काम नाही. ज्या शल्यचिकित्सकाचा हात ज्या पद्धतीवर बसलेला आहे, तीच त्याच्या हाती सुरक्षित असते. रुग्णाने विचारायचे ते एवढेच, की आपण नेहमी कोणती पद्धत वापरता आणि जोड झाल्यावर गळती तपासता का. ही तपासणी हवा भरून किंवा निळा रंग सोडून करतात आणि तिला काही मिनिटेच लागतात.

लांबी कशी मोजतात

पद्धतींच्या तुलनेत सर्वांत कमी बोलली जाणारी आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे आतड्याची वगळलेली लांबी. दुर्बिणीच्या पडद्यावर ती मोजताना शल्यचिकित्सक दोन चिमट्यांनी आतडे हातभर दोरी मोजावी तसे टप्प्याटप्प्याने पुढे घेतात. चिमट्यावर पाच किंवा दहा सेंटिमीटरची खूण असते. आतडे ताणून धरले तर तेच अंतर जास्त भरते, सैल सोडले तर कमी भरते. म्हणजे दोन शल्यचिकित्सकांचे ‘२०० सेंटिमीटर’ हे प्रत्यक्षात एकच असतील असे नाही. शिवाय माणसामाणसांत लहान आतड्याची लांबी फार वेगळी असते. कोणाचे चार मीटरच्या आसपास, तर कोणाचे आठ मीटर भरते. आठ मीटरमधून दोन मीटर वगळणे आणि चार मीटरमधून दोन मीटर वगळणे ही सारखी शस्त्रक्रिया नव्हे, कारण दुसऱ्या रुग्णाला अन्न शोषण्यासाठी स्वतःच्या आतड्यापैकी निम्मेच उरते.

म्हणून दोन प्रश्न थेट विचारावेत. वगळण्याची लांबी सर्वांना सारखीच ठेवता, की माणूस पाहून ठरवता? आणि संपूर्ण आतडे मोजता का, म्हणजे खाली किती उरले हे कळेल? खाली किमान तीन मीटर तरी आतडे उरावे, असा सावधपणा अनेक जण पाळतात. मिनी बायपासमध्ये २०० सेंटिमीटरच्या पुढे गेल्यास प्रथिने, लोह आणि चरबीत विरघळणाऱ्या जीवनसत्त्वांची कमतरता वाढते, पातळ व तेलकट शौच होते, आणि त्याबदल्यात वजन फार जास्त उतरते असेही नाही. आपल्याकडे अनेक मराठी घरे शाकाहारी किंवा क्वचितच मांसाहार करणारी आहेत. शस्त्रक्रियेपूर्वीच प्रथिने आणि बी-१२ काठावर असलेल्या माणसाने जास्त लांबी वगळून घेण्यापूर्वी दहा वेळा विचार करावा.

फटी शिवल्या का

आतडे वर नेले की त्याला धरून ठेवणाऱ्या पडद्यात मोकळ्या जागा तयार होतात. एक जागा वर नेलेल्या आतड्याच्या मागे असते आणि तिला पीटरसन यांचे नाव आहे. दुसरी खालच्या जोडापाशी असते. आतडे मोठ्या आतड्याच्या पडद्याला छिद्र पाडून मागून वर नेले, तर तिसरी जागा तयार होते. पुढून नेले तर ती टळते, म्हणून आता पुढचा मार्ग अधिक वापरला जातो. वजन उतरू लागले, आतली चरबी वितळली, की या फटी रुंदावतात आणि त्यांत आतडे अडकू शकते.

स्वीडनमधील १२ केंद्रांत सुमारे अडीच हजार रुग्णांवर झालेला अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. फटी शिवलेल्या गटात तीन वर्षांत आतडे अडकल्यामुळे पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागण्याचे प्रमाण ५.५ टक्के होते, न शिवलेल्या गटात १०.२ टक्के. मात्र शिवलेल्या गटात पहिल्या महिन्यातील गंभीर गुंतागुंत थोडी अधिक, ४.३ टक्के विरुद्ध २.८ टक्के, होती, कारण टाके घालताना खालचा जोड कधी कधी दुमडतो. एकूण पारडे शिवण्याच्या बाजूला झुकते. रू-एन-वाय करून घेणाऱ्याने ‘दोन्ही फटी शिवणार ना?’ असे विचारून ठेवावेच. मिनी बायपासमध्ये खालचा जोड नसल्याने एकच, आणि बरीच रुंद, फट राहते. तिथे आतडे अडकण्याचे प्रमाण कमी आहे, तरी ते शून्य नाही.

इथे घरच्यांसाठी एक गोष्ट आग्रहाने सांगतो. बायपास होऊन काही महिने किंवा काही वर्षे झालेल्या माणसाला जेवल्यानंतर पोटात पिळवटून दुखू लागले, ते पाठीकडे जाऊ लागले आणि येत-जात राहिले, तर ‘गॅस झाला असेल’ म्हणून ओवा-हिंग देऊन घरी थांबू नये. रक्ताचे रिपोर्ट आणि साधा एक्स-रे अशा वेळी चांगले येऊ शकतात. जवळच्या डॉक्टरांना बायपास झाल्याचे आधी सांगावे आणि सीटी स्कॅन करणाऱ्या, पोटाची शस्त्रक्रिया करू शकणाऱ्या रुग्णालयात त्याच दिवशी पोहोचावे. खरगोन किंवा बऱ्हाणपूरला राहणाऱ्याने इंदूरला येण्याची वाट आणि वाहन आधीच ठरवून ठेवणे शहाणपणाचे आहे.

निकालांची तुलना

दोन्ही पद्धतींची समोरासमोर तुलना करणारा फ्रान्समधील ‘योमेगा’ हा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात नऊ केंद्रांतील २५३ रुग्ण होते. मिनी बायपासमध्ये २०० सेंटिमीटर लांबी वगळली होती. दोन वर्षांनी जादा, म्हणजे २५ च्या वरच्या, बीएमआयपैकी उतरलेला भाग मिनी बायपासमध्ये सरासरी ८७.९ टक्के आणि रू-एन-वायमध्ये ८५.८ टक्के, म्हणजे जवळपास सारखाच, होता. फरक दिसला तो त्रासांमध्ये: गंभीर दुष्परिणामांच्या घटना मिनी बायपासमध्ये ४२, तर रू-एन-वायमध्ये २४ नोंदल्या गेल्या, आणि पोषणाशी संबंधित गंभीर घटना फक्त मिनी बायपासच्या गटात होत्या. पाच वर्षांनंतरही वजनातील निकाल तुल्यबळ राहिला, परंतु अन्ननलिकेत जळजळ व आम्ल चढण्याचा आजार मिनी बायपासच्या गटात ४१ टक्के आणि दुसऱ्या गटात १८ टक्के आढळला. हे आकडे वाचताना लांबी २०० सेंटिमीटर होती हे विसरू नये. १५० सेंटिमीटरवर थांबणाऱ्या शल्यचिकित्सकाच्या रुग्णांना ते जसेच्या तसे लागू होत नाहीत. तरीही दिशा पुरेशी स्पष्ट आहे.

त्यावरून माझा कल असा. ज्याला आधीपासून छातीत जळजळ होते, रात्री आंबट पाणी घशाशी येते किंवा दुर्बीण तपासणीत अन्ननलिकेला सूज दिसली आहे, त्याने रू-एन-वायचा आग्रह धरावा. अशा माणसाला स्लीव्ह, म्हणजे जठराचा मोठा भाग काढून नळीसारखे जठर ठेवण्याची शस्त्रक्रियाही, सहसा मानवत नाही, कारण तिने जळजळ वाढू शकते. बीएमआय ५० च्या पुढे असेल, यकृत फार मोठे असेल किंवा भूल कमी वेळ देणे भाग असेल, तर एका जोडाची पद्धत विचारात घेण्यासारखी आहे. मधुमेह हे एकच कारण असेल, तर दोन्ही बायपास चांगले काम करतात. तिथे पद्धतीपेक्षा मधुमेह किती वर्षांचा आहे आणि इन्सुलिन चालू आहे का, यावर अधिक अवलंबून असते. तंबाखू किंवा सिगारेट सुटत नसेल, तर कोणताच बायपास करून घेऊ नये, कारण जोडावर व्रण होण्याचे ते मोठे कारण आहे. पिशवीभोवती कडे घालणारा बायपास किंवा रोबोच्या साह्याने केलेला बायपास सुचवला, तर त्याने नेमका काय फायदा होईल हे विचारावे. रोबोमुळे आतली रचना बदलत नाही, बिल मात्र बदलते.

दोन्ही पद्धतींत बंद करून ठेवलेले जठर आणि पित्तनलिकेचे तोंड तोंडावाटे घालायच्या नेहमीच्या दुर्बिणीच्या आवाक्याबाहेर जाते. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी दुर्बिणीतून जठर नीट तपासून घ्यावे, जठरात व्रण करू शकणारे हेलिकोबॅक्टर जंतू असल्यास त्यावर उपचार करून घ्यावेत आणि सोनोग्राफीत पित्ताचे खडे आहेत का ते पाहावे. वजन वेगाने उतरताना नवे खडे होतात. ते टाळण्यासाठी साधारण सहा महिने गोळ्या देतात.

भेटीत काय मागावे

इंदूरमध्ये डॉक्टरांशी बोलणे बहुधा हिंदीत होते आणि संमतिपत्र बहुधा इंग्रजीत असते. घरात मराठीच बोलणाऱ्या आजी किंवा काकूंना ‘सब ठीक हो जाएगा’ एवढेच कळून भागणार नाही. समजून सांगू शकणारे घरचे एक माणूस सोबत न्यावे आणि डॉक्टरांना कागदावर आकृती काढून त्यावर पिशवीचा आकार, जोड आणि सेंटिमीटर लिहून देण्याची विनंती करावी. चांगले शल्यचिकित्सक हे आनंदाने करतात. वर्षाला ही शस्त्रक्रिया आपण किती करता, त्यांपैकी कितींना पुन्हा भरती व्हावे लागले, आणि रात्री-बेरात्री रुग्ण आला तर कोण पाहणार, हेही विचारावे. यात संकोचण्यासारखे काही नाही. दोन्ही पद्धती करणारा शल्यचिकित्सक असेल, तर या रुग्णासाठी हीच का निवडली याचे कारण त्याच्याकडे तयार असते.

शस्त्रक्रियेआधी साधारण दोन आठवडे कमी उष्मांकांचा, प्रथिनयुक्त आहार देतात, त्याने यकृत आकसते आणि पिशवी करताना जागा मिळते. हा काळ चुकवून लग्नघरातून थेट भरती होणे म्हणजे शल्यचिकित्सकाचे काम अवघड करून ठेवणे होय.

नंतरचे जेवण हाही तुलनेचा भाग

पद्धत कोणतीही असो, गोळ्या आयुष्यभराच्या असतात: बी-१२, लोह, ड जीवनसत्त्व, मल्टिव्हिटॅमिन आणि रोज १२०० ते १५०० मिलिग्रॅम कॅल्शियम, तेही सायट्रेट स्वरूपात आणि लोहापासून दोन तासांच्या अंतराने. प्रथिने दिवसाला किमान ६० ग्रॅम लागतात. सकाळी पोहे, दुपारी वरण-भात आणि संध्याकाळी साबुदाण्याची खिचडी यांतून ती भरून निघत नाहीत. पनीर, घट्ट दही, मूग, सोयाबीन, अंडी चालत असतील तर अंडी, आणि गरज पडल्यास पावडर, अशी मांडणी आहारतज्ज्ञांकडून लिहून घ्यावी. पोह्यांसोबत जिलेबी ही इंदूरची सवय मात्र सोडावी लागते. साखर पिशवीतून झरकन आतड्यात उतरते आणि अर्ध्या तासाच्या आत धडधड, घाम, पोटात मुरडा आणि जुलाब सुरू होतात. काहींना एक ते तीन तासांनी साखर फार खाली जाऊन चक्कर येते.

पहिले काही महिने एकादशी-चतुर्थीचे कडक उपास करू नयेत. सतत उलट्या होत असतील, तर थायमिन (बी-१ जीवनसत्त्व) लवकर संपते आणि त्याने मेंदूला कायमची इजा होऊ शकते; अशा रुग्णाला ग्लुकोजची बाटली लावण्याआधी थायमिन देण्यास सांगावे. दुखण्यावर आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक घेऊ नये, पॅरासिटामॉल चालते. मधुमेहाची औषधे पहिल्या आठवड्यातच कमी करावी लागतात. तरुण स्त्रियांनी बारा ते अठरा महिने गर्भधारणा टाळावी आणि त्या काळात नुसत्या गर्भनिरोधक गोळ्यांवर विसंबू नये, कारण त्यांचे शोषण कमी होऊ शकते.

घरी सोडताना मिळणाऱ्या डिस्चार्ज कार्डावर बहुधा शस्त्रक्रियेचे नावच असते. त्याच्यासोबत ऑपरेशन नोट मागून घ्यावी आणि त्यात पिशवी, जोडाची पद्धत, वगळलेली व उरलेली लांबी, शिवलेल्या फटी आणि गळतीची तपासणी यांची नोंद आहे का, ते काउंटरवरच पाहावे. राहिली असेल तर तिथेच लिहून घ्यावी. तिचे छायाचित्र रुग्णाच्या आणि घरातील आणखी एकाच्या मोबाइलमध्ये ठेवावे, म्हणजे पुढे कोणत्याही गावात, कोणत्याही डॉक्टरांपुढे ते दाखवता येईल.